भाडे किती, भर किती?

२०१७ सालच्या डिसेंबरातली गोष्ट. माझ्या मावशीच्या घरची चार माणसे एका लग्नासाठी दाबोळीहून विमानाने मुंबईला जायची होती. जायला आठ दिवस असताना काका न्हाणीघरात घसरून पडले, पायाला प्लास्टर बसले आणि जाणे राहिले. ज्या एजंटाकडून तिकिटे काढली होती त्याने फोनवरच सांगून टाकले, "सवलतीची तिकिटे आहेत, यातला एक पैसाही परत मिळायचा नाही."

मावशीने ते मुकाट्याने मान्य केले. आपल्याकडे बहुतेक माणसे मान्य करतात. मी सहज म्हणून तिकिटाचा कागद मागून घेतला. तळाशी बारीक अक्षरांत रकमेची फोड दिली होती. मूळ भाडे एका ओळीत, आणि त्याखाली प्रवासी सेवा शुल्क, जीएसटी अशी एकेक ओळ.

"अगं मावशी, या खालच्या ओळी कंपनीच्या नव्हेत. या सरकारच्या आणि विमानतळाच्या. तू विमानात चढलीच नाहीस, तर त्या कंपनीने ठेवून कशा घ्यायच्या?"

"अरे, पण आपण दिले ते दिले ना एकदा!"

दोन पत्रे आणि चार फोन झाल्यावर चार तिकिटांचे मिळून हजारावर थोडे रुपये परत आले. रक्कम मोठी नव्हे. पण त्या निमित्ताने माझ्या डोक्यात एक प्रश्न शिरला. एका प्रवासाची किंमत इतक्या तुकड्यांत कोणी मोडली, कधी मोडली आणि का मोडली? त्याचा माग काढता काढता जो इतिहास हाती लागला तो आज वाचकांपुढे ठेवतो आहे.

आरंभी विमानाच्या भाड्याला तुकडे नव्हते. १९४४ साली शिकागो येथे निरनिराळ्या देशांच्या प्रतिनिधींनी नागरी विमानवाहतुकीचा करार केला. पुढल्याच वर्षी हवाना येथे विमान कंपन्यांची 'आयाटा' ही संघटना उभी राहिली. आंतरराष्ट्रीय मार्गांवरचे भाडे आयाटाच्या परिषदांत सगळ्या कंपन्या मिळून ठरवीत आणि संबंधित देशांची सरकारे त्याला संमती देत. म्हणजे लंडनहून न्यूयॉर्कला कोणत्याही कंपनीने जा, त्याच वर्गाचे भाडे तेच. स्पर्धेला वाव उरला तो फक्त पाहुणचारात, आणि त्यालाही नियम होते. १९५८ साली अटलांटिकवर स्वस्त 'इकॉनॉमी' वर्ग सुरू झाला, तेव्हा त्या प्रवाशांना फक्त साधे थंड सँडविच द्यावे असे ठरले. स्कँडिनेव्हियाच्या 'एसएएस' कंपनीने वरचा पाव काढून टाकून त्यावर मांस-मासळीची अशी आरास मांडली की अमेरिकेच्या 'पॅन ॲम'ने तक्रार केली आणि एसएएसला दंड झाला. भाडे एकच असले की भांडण सँडविचवर येते ते असे.

आपल्या देशातही तेच. १९५३ च्या एअर कॉर्पोरेशन्स कायद्याने खाजगी कंपन्या सरकारने ताब्यात घेतल्या. देशांतर्गत वाहतूक इंडियन एअरलाइन्सकडे गेली आणि परदेशची एअर इंडियाकडे. त्या वेळी गोवा पोर्तुगीज अमलाखाली होता. दाबोळीचा विमानतळ १९५५ साली चालू झाला आणि तेथून 'टाइप' ही पोर्तुगीज कंपनी कराची, दमण, दीव अशा ठिकाणी जात असे. १९६१ नंतर दाबोळी भारतीय नौदलाकडे आली आणि पुढे नागरी विमाने येऊ लागली. पण सामान्य गोमंतकीयांची मुंबई बोटीने किंवा घाटातून मोटारीने गाठायची असे. विमान ही बड्या लोकांची आणि आखातातून सुट्टीवर येणाऱ्यांची चीज होती. ज्यांनी त्या काळची तिकिटे पाहिली आहेत त्यांना आठवत असेल. लालसर कार्बनची पातळ पाने, त्यांवर एक भाडे, एखादा कर आणि बेरीज. संपले. ही कागदी तिकिटे आयाटाने जून २००८ पासून बंद केली.

आता एका शेजारी दुसरे भाडे कसे आले ते पाहू. १९७० च्या सुमारास ब्रिटनच्या 'बीओएसी' कंपनीने एकवीस दिवस आधी तिकीट काढणाऱ्याला कमी भाडे देऊ केले. विमान रिकाम्या खुर्च्या घेऊन उडाले तर त्या खुर्च्यांचे मोल शून्य. तेव्हा कमी पैशांत का होईना, भरलेल्या बऱ्या. पण मग पेच पडला. स्वस्त तिकिटे किती विकायची? सगळीच आधी विकली गेली तर शेवटच्या दिवशी पूर्ण भाडे मोजायला तयार असलेला गिऱ्हाईक परत जाणार. कमी विकली तर खुर्च्या रिकाम्या राहणार.

१९७२ साली त्याच कंपनीतील केन लिटलवूड यांनी या पेचाचा एक साधा नियम मांडला. समजा स्वस्त तिकीट तीन हजारांचे आहे आणि पूर्ण तिकीट दहा हजारांचे. एखादी खुर्ची राखून ठेवली तर तिला दहा हजारांचा गिऱ्हाईक मिळण्याची शक्यता शंभरात तीसहून जास्त असेल, तर ती राखावी. त्याहून कमी असेल, तर तीन हजारांना देऊन मोकळे व्हावे. एवढेच गणित. पण आज जगातल्या प्रत्येक विमान कंपनीच्या संगणकात त्याचीच वाढलेली आवृत्ती बसलेली आहे.

आपल्या म्हापशाच्या बाजारात संध्याकाळ झाली की मासळी उतरते. बांगड्यांचा वाटा सकाळी ज्या भावाने दिला त्याच्या निम्म्याने देऊन मासेविक्रीण टोपली रिकामी करते. खुर्चीही तशीच नाशवंत, मग शेवटच्या दिवशी ती स्वस्त व्हायला नको का? होत नाही, कारण शेवटच्या दिवशी येणारा गिऱ्हाईक निराळा असतो. मासळी बाजारात उशिरा येतो तो घासाघीस करणारा. विमानाचे तिकीट उशिरा काढतो तो अडलेला. कोणाची आई इस्पितळात असते, कोणाची मुलाखत उद्या सकाळी असते. कंपनीने हे ओळखले आणि अडलेल्याचा भाव वर ठेवला.

अमेरिकेत या गणिताला मोकळे रान मिळाले. तेथे १९७७ साली 'अमेरिकन एअरलाइन्स'ने आगाऊ खरेदीच्या अटीवर 'सुपर सेव्हर' ही भाडी आणली. २४ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी विमानभाडी मुक्त करणाऱ्या कायद्यावर सही केली. १९८१ साली 'पीपल एक्सप्रेस' ही स्वस्त कंपनी निघाली आणि तिने जुन्या कंपन्यांच्या तोंडचे पाणी पळवले. १९८५ च्या जानेवारीत अमेरिकनने 'अल्टिमेट सुपर सेव्हर' काढले. काही खुर्च्या पीपल एक्सप्रेसच्या भावाने आणि उरलेल्या आपल्या जुन्या भावाने, त्याच विमानात. पीपल एक्सप्रेसकडे असा हिशेब ठेवणारा संगणकच नव्हता. १९८७ च्या सुरुवातीला ती कंपनी 'कॉन्टिनेंटल'मध्ये विरून गेली. शेजारी बसलेल्या दोघांचे भाडे निराळे असण्याची रीत जगभर रुजली ती तेव्हापासून. १९९२ साली त्याच अमेरिकन कंपनीने पश्चात्ताप झाल्यासारखी फक्त चार भाड्यांची सोपी योजना आणली. प्रतिस्पर्ध्यांनी भाव पाडले आणि ती त्याच वर्षी गुंडाळावी लागली.

येथवरचा इतिहास मूळ भाड्याचा. त्यात चतुराई आहे, पण लपवालपवी नाही. भाव वर जातो, खाली येतो, परवडला तर घ्या. खरी गुंतागुंत पुढच्या अंकात आहे.

भारतात एअर कॉर्पोरेशन्स कायदा १९९४ साली रद्द झाला आणि खाजगी कंपन्यांना रीतसर वाट मिळाली. तोवर देशांतर्गत तिकिटावर सरकारचा प्रवास कर असे आणि परदेशी जाणाऱ्याला ५०० रुपये परदेश प्रवास कर पडे. आखातात जाणाऱ्या आपल्या मंडळींना तो चांगला आठवत असेल. जानेवारी २००४ मध्ये हे दोन्ही कर केंद्र सरकारने काढून टाकले. त्याआधी ऑगस्ट २००३ मध्ये कॅप्टन गोपीनाथ यांची 'एअर डेक्कन' उडू लागली होती. तिच्या एक रुपयाच्या तिकिटाची तेव्हा घरोघरी चर्चा होती. तो रुपया खरा होता, पण वर दोनशेहून अधिक रुपयांची शुल्के होती. फसवणूक म्हणता येणार नाही, कारण ती शुल्के विमानतळाकडे जात होती. पण एक गोष्ट त्या तिकिटाने सगळ्यांना शिकवली. गिऱ्हाईक पहिला आकडा पाहतो आणि खालचा आकडा 'टॅक्स' म्हणून निमूट देतो.

नेमक्या त्याच सुमारास जगभर इंधनाचा भाव चढू लागला. भाव चढला की भाडे वाढवावे, हा सरळ मार्ग. कंपन्यांनी भाडे तसेच ठेवून 'इंधन अधिभार' नावाची निराळी ओळ काढली. आयाटाच्या सांकेतिक भाषेत प्रत्येक कराला दोन अक्षरे असतात. त्यांपैकी 'वायक्यू' आणि 'वायआर' ही कंपन्यांच्या स्वतःच्या वापरासाठी होती. त्यांत हा अधिभार बसवला गेला. परिणाम असा की तिकिटावर तो करांच्या रांगेत जाऊन उभा राहिला. दिसायला सरकारी, पण जायचा कंपनीच्या तिजोरीत.

असे करण्यात सोय पुष्कळ होती. हजारो मार्गांच्या भाड्यांचे तक्ते बदलण्यापेक्षा एक अधिभार वाढवणे सोपे. जाहिरातीत आकडा लहान दिसे. एजंटाचे कमिशन साधारणपणे मूळ भाड्यावर काढले जाई, तेव्हा अधिभारातला वाटा त्याला द्यावा लागत नसे. मोठ्या कचेऱ्यांना दिलेली टक्केवारीची सूटही मूळ भाड्यावरच. नेहमीच्या प्रवाशांना मिळणारी 'फुकट' तिकिटे तर पाहूच नका. भाडे माफ, पण अनेक कंपन्यांचा अधिभार चालूच. म्हणजे ज्याच्या ज्याच्याशी भाडे वाटून घ्यायचे होते, त्या प्रत्येकाच्या हातून ही रक्कम सुटली.

याचा सगळ्यात बोलका दाखला पुन्हा ब्रिटनमधलाच आहे. ज्या बीओएसीत लिटलवूड यांनी आपला नियम मांडला होता, तीच कंपनी १९७४ साली 'ब्रिटिश एअरवेज'मध्ये विलीन झाली होती. ऑगस्ट २००४ ते जानेवारी २००६ या काळात लांब पल्ल्याच्या परतीच्या तिकिटावर तिचा इंधन अधिभार ५ पौंडांवरून ६० पौंडांवर गेला. तो वाढवताना तिने आपली प्रतिस्पर्धी 'व्हर्जिन अटलांटिक' हिच्याशी किमान सहा वेळा संगनमत केले होते, असे चौकशीत निघाले. व्हर्जिनने स्वतःच माहिती दिली म्हणून ती दंडातून सुटली. ऑगस्ट २००७ मध्ये ब्रिटिश एअरवेजवर ब्रिटनमध्ये १२ कोटी १५ लाख पौंडांचा दंड जाहीर झाला. तो २०१२ साली ५ कोटी ८५ लाखांवर आला. अमेरिकेत प्रवासी आणि मालवाहतूक या दोन्ही प्रकरणांचे मिळून तिने ३० कोटी डॉलर भरले. अधिभार जर खरोखर इंधनाच्या भावातून निघत असेल तर दोघांनी फोनवर बोलून तो ठरवायचे कारणच काय? तो खर्चाचा आकडा नव्हता, किमतीचाच भाग होता, हे त्या खटल्याने उघड झाले.

आपल्याकडेही असेच घडले. जुलै २००८ मध्ये कच्चे तेल पिंपामागे १४७ डॉलरपर्यंत चढले आणि वर्षअखेर चाळीसच्या खाली घसरले. चढताना अधिभार लगोलग चढतो, उतरताना रेंगाळतो, हा प्रवाशांचा अनुभव. विमानाने जाणाऱ्या मालाबाबत तर भारतीय स्पर्धा आयोगाने हे लेखी नोंदवले. मालावरचा इंधन अधिभार मिळून ठरवल्याबद्दल आयोगाने जेट एअरवेज, इंडिगो आणि स्पाइसजेट यांना २०१५ साली दंड केला. अपिलात तो निर्णय रद्द होऊन प्रकरण परत आले, तेव्हा मार्च २०१८ मध्ये आयोगाने कमी रकमेचा दंड पुन्हा ठोठावला. प्रवाशांच्या तिकिटावर ही ओळ अधूनमधून येते-जाते. इंडिगोने ऑक्टोबर २०२३ मध्ये अंतरानुसार ३०० ते १००० रुपयांचा अधिभार लावला आणि जानेवारी २०२४ मध्ये काढून घेतला.

मग तिकिटावर खरोखर दुसऱ्याचे म्हणावे असे काय असते? मुख्यतः तीन गोष्टी. पहिली, विमानतळाचे शुल्क. २००६ साली दिल्ली आणि मुंबईचे विमानतळ खाजगी भागीदारीत गेले आणि 'यूडीएफ' हा शब्द आपल्या कानांवर येऊ लागला. विमानतळ वापरणाऱ्याने त्याच्या बांधणीचा खर्च उचलावा, ही त्यामागची कल्पना. मोठ्या विमानतळांचे दर ठरवण्यासाठी २००८ च्या कायद्याने 'एरा' ही नियामक संस्था नेमली गेली. आपल्या गोव्यात जानेवारी २०२३ पासून दाबोळी आणि मोपा असे दोन विमानतळ चालू आहेत. एक नौदलाच्या आवारातला, प्राधिकरणाचा आणि दुसरा खाजगी कंपनीने बांधलेला. तेव्हा त्याच मुंबईचे तिकीट पाहताना दोन्हीकडचे शुल्क निराळे पाहावे लागते. दुसरी गोष्ट, सुरक्षा शुल्क. पूर्वी ते प्रवासी सेवा शुल्कात मिसळलेले असे. जुलै २०१९ पासून निराळे झाले, देशांतर्गत प्रवाशाला १५० रुपये, आणि एप्रिल २०२१ पासून २००. तिसरी, जीएसटी. साध्या वर्गाला पाच टक्के.

आणि एक कर असा, जो तिकिटावर दिसतच नाही. विमानाचे इंधन जीएसटीच्या बाहेर आहे. त्यावर प्रत्येक राज्य आपापला व्हॅट घेते. तो मूळ भाड्याच्या पोटात गडप झालेला असतो. म्हणजे कंपनीचा अधिभार कराच्या रांगेत, आणि सरकारचा एक खरा कर भाड्याच्या पोटात. नावे अशी उलटसुलट झाल्यावर सामान्य माणसाने काय समजायचे?

परदेशी सरकारांनी याला थोडा आवर घातला. युरोपीय संघाने २००८ च्या नियमाने पहिल्यापासून अंतिम रक्कमच दाखवायची सक्ती केली. अमेरिकेत तसाच नियम जानेवारी २०१२ पासून आला. तीन कंपन्या त्याविरुद्ध न्यायालयात गेल्या आणि हरल्या. आपल्याकडे १ ऑगस्ट २०१६ पासून नागरी विमान महासंचालनालयाने जो नियम लागू केला तो मात्र प्रत्येक घरात लिहून ठेवावा असा आहे. तिकीट रद्द केले किंवा प्रवासाला गेलाच नाहीत, तरी वैधानिक कर आणि विमानतळाची शुल्के कंपनीने परत केली पाहिजेत. तिकीट सवलतीचे असले आणि मूळ भाडे परत मिळण्यासारखे नसले तरीही. आणि रद्द करण्याचे शुल्क मूळ भाडे अधिक इंधन अधिभार, याहून जास्त असता कामा नये.

या शेवटच्या वाक्यात सगळा इतिहास आला आहे. इंधन अधिभार भाड्याच्या बाजूचा आहे, कराच्या नव्हे, हे नियमानेच मान्य केले. तो कंपनी ठेवून घेऊ शकते. बाकीचे तुमचे आहे. ओळीला दिलेले नाव म्हणूनच महत्त्वाचे. ते पैसे कोणाकडे जाणार आणि अडल्या वेळी परत येणार की नाही, हे त्यावर ठरते. करोनाच्या काळात मे २०२० ते ऑगस्ट २०२२ सरकारने भाड्यांना किमान-कमाल मर्यादा घातल्या, त्यांतही विमानतळाची शुल्के आणि जीएसटी धरलेले नव्हते. मर्यादा भाड्याला होती, तिकिटाला नव्हती. हा भेद ज्यांना कळला नाही ते वर्तमानपत्रातला आकडा आणि आपला आकडा जुळवत बसले.

आज गोमंतकातले शेकडो तारवटी बोटीवर रुजू व्हायला विमानाने जातात. कोणाची मुले दुबईत, कोणाची लंडनला आणि स्विंडनला. चतुर्थीला, नाताळाला घरी यायचे तर चढ्या भावाने तिकीट काढावेच लागते. तेथे आपला इलाज नाही, लिटलवूडसाहेबांचे गणित आपल्या गरजेवरच उभे आहे. पण बेत मोडला तर निदान जे आपले आहे ते तरी मागावे. न मागितलेले पैसे कंपनी आपण होऊन आणून देईल या भरवशावर राहू नये.

मावशीला परत आलेल्या पैशांतून तिने काकांसाठी एक चांगली काठी घेतली. काकांचा पाय केव्हाच बरा झाला. पण तेव्हापासून घरात कोणाचेही तिकीट आले की ती चष्मा लावून आधी तळाच्या ओळी वाचते आणि मग विचारते, "यातले आमचे किती रे?"